शिबिरातली मुलं कुणाकडे?



गेल्या हिवाळ्यात जळगावला आपलं दोन दिवसांचं शिबिर झालं. धुळे, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल अशा ठिकाणांहून बाया आल्या होत्या. कापसाची वेचणी चालू होती, तरी दोन दिवसांची मजुरी बुडवून आल्या होत्या. विषय होता ‘घरकामाचं मोल’. पहाटेपासून रात्रीपर्यंत बाई काय काय करते, त्याची यादी फळ्यावर लिहिता लिहिता फळा भरला. ‘मुलं सांभाळणं’ हे काम कुणीच विसरलं नाही.

त्याच वेळी बाहेर पडवीत आमची मुलं होती. अकरा मुलं आणि त्यांच्याकडे बघायला एक मुलगी. धुळ्याच्या कॉलेजात शिकणारी, पहिल्यांदाच शिबिराला आलेली. तिला हे काम कुणी दिलं? आम्हीच. ‘तू नवीन आहेस ना, मग तू मुलांकडे बस.’ मुलांची नावं काय, कोण किती वर्षांचं, कुणाला काय लागतं, यातलं काहीही तिला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. मुलीच्या जातीला मूल सांभाळता येतंच, असं तिलाही लहानपणापासून शिकवलेलं.

त्या अकरांत सात वर्षांचा एक मुलगा होता. सकाळच्या दोन तासांत तो तीन वेळा फाटकाबाहेर पळाला, पाण्याच्या टाकीवर चढला, दुसऱ्या मुलांचे रंग हिसकावून घेतले. ही त्याच्यामागे धावली की बाकीची दहा मोकळी. गोष्ट सांगून झाली, चॉकलेटचं आमिष झालं, ‘पोलीस येईल’ झालं. शेवटी तिनं आपल्या ओढणीनं त्याचा पाय पडवीच्या खांबाला बांधला. पाणी प्यायला बाहेर आलेल्या त्याच्या आईनं ते पाहिलं.

मूल बांधणं चुकीचंच. ती मुलगीही ते जाणून होती, खांबापाशी बसून ती रडत होती. पण त्यानंतर आमच्या तोंडून जे निघालं, त्यासाठी हे संपादकीय लिहावं लागत आहे. एका ज्येष्ठ कार्यकर्तीनं त्या मुलीला म्हटलं, ‘एवढंही जमत नाही तुला?’ आणि दुसरीनं आईला म्हटलं, ‘तू त्याला शिस्तच लावली नाहीस.’ सासूच्या, शेजारणीच्या, नवऱ्याच्या तोंडून आपण आयुष्यभर ऐकत आलो, तीच ही वाक्यं. त्या दिवशी ती आमच्या तोंडात होती.

संध्याकाळी आई बोलली. मुलाला एडीएचडी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. तिनं आम्हाला ते कळवलं नव्हतं, कारण कळवलं तर ‘मग त्याला आणू नकोस’ असं उत्तर येईल आणि घरी त्याला ठेवून घ्यायला कुणी नाही, म्हणजे तिचंच येणं बंद होईल, ही तिची भीती. याआधी दोन पाळणाघरांनी त्याला परत पाठवलं होतं. आमच्याकडे ती विश्वासानं आली होती.

एडीएचडी म्हणजे अवधान न टिकणं, अतिचंचलता आणि विचार करण्याआधीच कृती होऊन जाणं. काही मुलांत तिन्ही दिसतात, काहींत पहिलंच. 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं अशा मुलांविषयी व्याख्यानं दिली, तेव्हा त्यालाही तो नैतिक संयमाचा दोष वाटला होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं संशोधन झालं. आज एवढं पक्कं माहीत आहे की याचं मूळ मेंदूच्या वाढीत आहे आणि त्यात अनुवंशाचा वाटा फार मोठा आहे. आईच्या लाडानं, तिच्या नोकरीनं किंवा गोड खाण्यानं हे होत नाही. जगभरच्या अभ्यासांत शंभरातल्या साधारण 5 मुलांत ते आढळतं. म्हणजे आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक शाळेत अशी मुलं आहेत. आपण त्यांना वांड, द्वाड, आगाऊ म्हणतो.

इथे एक सावधगिरी. धावणारं प्रत्येक पोर एडीएचडीचं नसतं. लक्षणं निदान सहा महिने टिकलेली हवीत, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली हवीत, आणि निदान डॉक्टरनंच करायचं. दुसरी गोष्ट मुलींची. पुष्कळ मुली धावपळ करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात, वस्तू हरवतात, सांगितलेलं विसरतात. त्यांना ‘वेंधळी’ म्हणून घरकामाला जुंपलं जातं आणि डॉक्टरकडे कुणी नेत नाही.

आता खानदेशात मूल सांभाळतं कोण, ते पाहू. कापूस वेचायला, केळीच्या बागेत, मिरचीच्या खळ्यावर आई जाते तेव्हा धाकट्याला बघते थोरली बहीण. ती नऊ-दहा वर्षांची असते. धुळे-नंदुरबारच्या भिल्ल कुटुंबांतल्या बाया-पुरुष ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात, तिथे खोपीपाशी धाकट्याला घेऊन तीच बसते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. पण बालमजुरीच्या कायद्यात 2016 साली जी दुरुस्ती झाली, तिनं शाळेच्या वेळेबाहेर घरच्यांना मदत करण्याची मुभा ठेवली. मूल सांभाळणं तर मजुरी म्हणून मोजलंच जात नाही, त्यामुळे या मुलीची शाळा सुटली तरी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आणि तिच्या वाट्याला असं चंचल भावंडं आलं, ते विहिरीकडे पळालं, की पहिला मार तिलाच. आमच्या पडवीतल्या कॉलेजकन्येपेक्षा तिची दशा वाईट, कारण तिला रात्री घरी जाऊन सुटकाही नाही.

हे कुणाला सुचलंच नव्हतं, असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि 1957 साली ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भावंडं आहे, हे त्यांनी ओळखलं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एका आवारात आणली आणि त्याला ‘विकासवाडी’ म्हटलं. पुढे 2005 च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद आली की कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे त्या कायद्यानं लेखी मान्य केलं. पण त्या बाईला कुणी काही शिकवावं, हे मात्र त्यात आलं नाही. खड्डा खणायला जोर लागतो आणि मूल सांभाळायला काही लागत नाही, हा समज तसाच राहिला.

आरोग्याकडूनही मागण्यासारखं आहे. 2013 पासून चाललेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करायची असते. ज्या 30 गोष्टी त्यात पाहायच्या, त्यांत एडीएचडीचं नाव आहे. पथक वजन-उंची घेऊन निघून गेलं, तर त्याला हे विचारा. 2016 च्या अपंग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांत मात्र एडीएचडी हे नाव स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे केवळ त्या आधारावर आईला फारसं काही मिळत नाही. ही मागणी आपण अपंग हक्क संघटनांबरोबर मिळून लावून धरली पाहिजे.

पण दुसऱ्यांकडे मागण्याआधी आपण काय करणार? शिबिर संपल्यावर आम्ही त्या मुलीला आणि त्या आईला घेऊन बसलो. माफी मागितली. मग आईला विचारलं, ‘तुम्ही घरी कसं करता?’ हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं जे सांगितलं, ते जाणकारांच्या सल्ल्याशी जुळणारं आहे. म्हणून इथे देतो.

लांबून ओरडू नका. जवळ जा, त्याच्या उंचीला वाका, नाव घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. दिवसात पुढे काय काय होणार, ते सकाळीच सांगा. खेळ थांबवायचा असेल तर पाच मिनिटं आधी कल्पना द्या, एकदम हातातलं काढून घेऊ नका. ‘गप बस’ म्हणण्याऐवजी अंगमेहनतीचं काम द्या. ताटं वाटणं, पाण्याचे तांबे भरणं, सतरंज्या घालणं. जमलं की लगेच, त्याच क्षणी शाबासकी द्या. ‘हुशार आहेस’ एवढंच नको, ‘ताटं नीट वाटलीस’ असं नेमकं बोला. शिक्षा म्हणून खेळ बंद करू नका, पळणं ही त्याची गरज आहे. फाटकाला कडी, टाकीला कुलूप, विहिरीला कठडा या गोष्टी मुलं येण्याआधी पाहून घ्या. औषध चालू असेल तर आईनं सांगितलेल्या वेळीच द्या, आपल्या मनानं बंद करू नका. आणि बांधायचं नाही, मारायचं नाही, भीती घालायची नाही. आवरेनासं झालं तर आईला किंवा दुसऱ्या कार्यकर्तीला हाक मारायची. हाक मारण्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरण-बट्टीच्या पंगतीत त्या मुलानं साठ बायांना ताटं वाटली. दोन ताटं पडली, एका बाईला दोनदा ताट मिळालं. त्याच्याबरोबर ती कॉलेजची मुलगी होती, आणि या वेळी तिच्यासोबत आणखी दोघी होत्या. फरक एवढाच होता. पण त्या एका फरकानं त्या आईला शिबिराची शेवटची दोन सत्रं बसून ऐकता आली. पहिल्या दिवशी ती सामान बांधायला निघाली होती.

तेव्हा ठरलं ते असं. यापुढे आपल्या कोणत्याही बैठकीत मुलांचं काम ‘उरलेल्या’ मुलीला द्यायचं नाही. पाच मुलांमागे एक, आणि कितीही कमी मुलं असली तरी दोघींशिवाय नाही. हे काम पाळीपाळीनं सगळ्यांनी करायचं, ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आधी. जी बसेल तिला प्रवासखर्च आणि मानधन वक्त्याइतकंच. नोंदणीच्या कागदावर आईला विचारायचं, ‘तुमच्या मुलाबद्दल आम्हाला काय माहीत असायला हवं?’ आणि त्याखाली छापायचं, ‘उत्तर काहीही असलं तरी मुलाला घेऊन यायचं आहे.’

राहिले पुरुष. पाठिंबा द्यायला येणारे आपले साथी स्टेजवर बसतात, भाषण करतात आणि निघतात. अमळनेरच्या शाळेत शिकवताना, वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या झाडणारे साने गुरुजी याच खानदेशात होते. त्यांचं नाव घेणाऱ्यांनी पुढच्या शिबिराला पडवीतल्या सतरंजीवर बसावं. काय करायचं ते वर लिहिलेलंच आहे.

पुढचं शिबिर धुळ्याला आहे. ती आई येणार आहे, मुलालाही आणणार आहे. ती कॉलेजची मुलगी या वेळी पडवीत नसेल. ‘घरकामाचं मोल’ या सत्राची मांडणी तिच्याकडे दिली आहे, आणि सुरुवात ती त्या खांबापासूनच करणार आहे. तुमच्या गावात मुलं कोण सांभाळतं, आणि तिला कोण मदत करतं, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.