एकच रस्ता, वीस वेळा मोजलेला

१८९६ च्या प्लेगने मुंबईकडून दाट वस्तीची जबर किंमत वसूल केली. त्यानंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, तेव्हा आधी रस्ते, मोकळ्या जागा व दोन घरांतील अंतर ठरले आणि मग भूखंड दिले गेले. हिंदू कॉलनी किंवा पारशी कॉलनीतील तीन-चार मजली घरांना लाभलेला उजेड-वारा हे या क्रमाचेच फळ होय. तेथे आता उभे राहणारे मनोरे हा क्रम उलटा करीत आहेत.

पुनर्बांधणीला सरसकट विरोध करणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, दुरुस्ती मालकास परवडेना, आणि गळकी छपरे व लिफ्टविना जिने वृद्धांच्या वाट्यास आले. रहिवाशांपाशी बांधकामास पैसा नाही. तो बिल्डर आणतो व जादा चटईक्षेत्र विकून वसूल करतो. हा व्यवहार दोघांच्याही सोयीचा आहे. प्रश्न आहे तो तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे शेजाऱ्याचा. त्याच्या नळाचा दाब, गटाराची क्षमता आणि खिडकीतला उजेड यांची नोंद त्या करारात कोठेच नसते.

२०१८ साली अमलात आलेल्या विकास नियंत्रण नियमावलीने चटईक्षेत्र निर्देशांकाची सांगड रस्त्याच्या रुंदीशी घातली. शहर विभागात मूळ निर्देशांक १.३३, रस्ता २७ मीटर वा अधिक रुंद असल्यास अधिमूल्य भरून व हस्तांतरणीय विकास हक्क घेऊन तो ३ पर्यंत जातो. शिवाय ३५ टक्के 'फंजिबल' क्षेत्र वेगळेच. तत्त्व वरवर निर्दोष दिसते. परंतु नियम एकेका भूखंडापुरता पाहतो. एकाच रस्त्यावरील वीस भूखंडांना त्याच रुंदीच्या आधारे वीस वेळा परवानगी मिळते. रस्ता मात्र एकच राहतो! जलवाहिन्यांचेही तेच.

अधिमूल्य हा या हानीचा मोबदला आहे, असे म्हणावे तर त्याचा विनियोग त्याच वस्तीत झाला पाहिजे, आणि तसे बंधन नाही. राज्य शासन व महापालिका यांच्या दृष्टीने ते मुख्यतः उत्पन्नाचे साधन आहे. २०२१ च्या जानेवारीत शासनाने त्या वर्षापुरती अधिमूल्यात ५० टक्के सवलत दिली. सवलत घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे, अशी अट होती. घर घेणाऱ्याचा विचार झाला. त्याच गल्लीत आधीपासून राहणाऱ्याचा झाला नाही.

उपाय अवघड नाही. प्रत्येक वस्तीतील पाणी, मलनिःसारण व वाहतुकीची क्षमता मोजून एकूण बांधकामाची कमाल मर्यादा ठरवावी आणि प्रत्येक नव्या परवानगीगणिक तीतून वजावट करावी. अधिमूल्याचा निम्मा तरी भाग त्याच प्रभागात खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी प्रभाग कार्यालयात लावला जावा.