ट्रकचे लायसन्स आणि मधली चार वर्षे

उधना, लिंबायत, पांडेसरा भागातल्या आपल्या खानदेशी कुटुंबांत दहावीच्या निकालानंतर एक वाक्य हमखास ऐकू येते : "पुढे शिकून काय करणार? त्यापेक्षा गाडीवर लाग." ट्रक चालवणे हा कष्टाचा आणि मानाचा धंदा आहे. सुरतचे कापड देशभर पोचते ते याच हातांनी. आक्षेप आहे तो घाईला.

कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे हलक्या वाहनाचे लायसन्स १८ वर्षांनंतर मिळते. ते किमान १ वर्ष हाती असल्याशिवाय अवजड ट्रकचे शिकाऊ लायसन्स मिळत नाही आणि २० वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ट्रक चालवता येत नाही. म्हणजे सोळाव्या वर्षी दहावी झालेल्या मुलाच्या हाती चार वर्षे असतात. शाळा सोडली तर या काळात तो फार तर क्लीनर होईल. शिकत राहिला तर बारावी होऊनही दोन वर्षे उरतील.

"पण आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली ना?" असे काही पालक विचारतात. निघाली, हे खरे. परंतु चिन्हे व नियमांची परीक्षा, डॉक्टरांचा दाखला, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष चाचणी कायम आहे. घातक रसायनांचा टँकर चालवायचा तर ३ दिवसांचे खास प्रशिक्षण लागते, शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. रसायनाशी गाठ म्हणजे काय, हे सुरतने पाहिले आहे. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिनमध्ये टँकरमधले रसायन नाल्यात सोडले जात असताना विषारी वायू पसरला आणि सहा कामगारांचे जीव गेले. टँकरवरची सूचना वाचता येणे म्हणजे आपला आणि दुसऱ्याचा जीव राखणे.

काहीजण एजंटला पैसे देऊन मोकळे होतात. पण धुळ्याकडे जाताना कोंडाईबारीच्या घाटात ब्रेक दाबायला एजंट येत नाही!

विश्वस्त मंडळाला एक विनंती. नववी-दहावीच्या मुलांना वाहतुकीची चिन्हे आणि टँकरवरच्या इंग्रजी सूचना शिकवाव्यात. लायसन्सच्या तयारीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी रविवारी एखादा वर्ग चालवावा. खर्च फारसा नाही.

आणि मुलांनो, स्टिअरिंग विसाव्या वर्षी हाती येईलच. तोवर पुस्तक सोडू नका.