बीडचा आकडा कमी का?

बीड जिल्ह्यात फुप्फुसाचा कर्करोग फारसा होत नाही, हे आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं. मोकळी हवा, ज्वारीची भाकरी, अंगमेहनत; हा रोग पुण्या-मुंबईच्या धुराचा, आपला नव्हे. पारावर हे ऐकतो, शिकल्यासवरल्यांच्या तोंडूनही ऐकतो. आकडा कमी आहे, हे खरं. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात उस्मानाबाद-बीड क्षेत्रात फुप्फुसाचा धरून सगळे कर्करोग मिळून, वयाचा फरक काढून टाकल्यावर, लाख पुरुषांमागे वर्षाला ३९.५ रुग्ण होते आणि लाख बायकांमागे ४९.४. देशातल्या सगळ्या नोंदणी क्षेत्रांत हे प्रमाण सर्वांत कमी होतं. आकड्यामागचं कारण म्हणून जे सांगितलं जातं, ते मात्र मला साफ अमान्य आहे.

हवेचा दावा तपासायचा तर मिझोरामच्या ऐझॉलला जावं. डोंगरमाथ्यावरचं शहर, मोठे कारखाने नाहीत, देशातल्या स्वच्छ हवेच्या शहरांत त्याची गणना होते. तिथे एकट्या फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण लाख पुरुषांमागे ३८.८ आणि लाख बायकांमागे ३७.९, देशात सर्वाधिक. म्हणजे आपल्या पुरुषांना सगळे कर्करोग मिळून जेवढे होतात, जवळजवळ तेवढा त्यांना फुप्फुसाचा एकच होतो. शुद्ध हवेनं त्यांना वाचवलं नाही, कारण तिथे पुरुष आणि बायका दोघंही तंबाखू वळून ओढतात. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात मिझोराममध्ये धूम्रपान करणारे ३४.४ टक्के निघाले, महाराष्ट्रात ३.८ टक्के. बीडला फुप्फुसाचा आकडा कमी असण्याचं मोठं कारण इथे आहे. आपल्याकडची तंबाखू चुन्यासोबत गालात जाते, मशेरी होऊन हिरड्यांवर जाते. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात ती अशी वापरणारे २४.४ टक्के होते. फुप्फुस सुटतं आणि गाल, जीभ, जबडा सापडतो. याला आरोग्य म्हणायला माझी जीभ धजत नाही.

‘आमच्या आजोबांनी जन्मभर बिड्या ओढल्या, नव्वदीपर्यंत शेतात राबले.’ असे आजोबा असतात. त्यांच्या बरोबरीचे जे पन्नाशीत गेले, त्यांची गोष्ट सांगायला नातवंडं पारावर बसत नाहीत, एवढाच फरक.

‘हा रोग पूर्वी नव्हता, आता आला, म्हणजे खतं-फवारणीचाच दोष’ असंही म्हटलं जातं. पूर्वी तो जगातच दुर्मीळ होता, हे बरोबर. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आयझॅक ॲडलर यांनी या रोगावर पुस्तक लिहिलं, तेव्हा इतक्या विरळा दुखण्यावर लिहावं का, असा प्रश्न त्यांना पडला होता. मग कारखान्यात वळलेली सिगारेट घरोघर गेली. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांची चौकशी करून धूम्रपानाकडे बोट दाखवलं. अमेरिकेत पुरुषांचे मृत्यू १९९० च्या सुमारास शिखरावर पोहोचले आणि उतरू लागले. तिथल्या बायकांनी सिगारेट उशिरा धरली, म्हणून त्यांचं शिखरही उशिरा आलं. ओढणं आणि रोग यांत वीस-तीस वर्षं जातात. आजचा बीडचा आकडा आजच्या पोरांचा नाहीच, त्यांच्या बापांच्या सवयीचा आहे. बसस्टँडमागे सिगारेट ओढणारा विशीतला मुलगा पंचेचाळिशीचा होईल, तेव्हा त्याचा आकडा दिसेल.

उलट बाजूचेही लोक भेटतात: ‘नोंदच होत नाही, आकडा खोटाच आहे.’ त्यांचं निम्मं म्हणणं मी मान्य करतो. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, तिची माणसं गावोगाव फिरतात, आणि तिथलंही प्रमाण असंच कमी निघत आलं आहे. सगळं हिशेबाबाहेर राहतं, असं म्हणता येत नाही. पण गर्भाशयमुखाची गाठ तपासताना दिसते, छातीतली दिसत नाही. दीर्घ खोकला, वजन घटणं, बेडक्यात रक्त ही लक्षणं क्षयाचीही आहेत. कितीतरी जणांना आधी टीबीच्याच गोळ्या मिळतात आणि महिने निघून जातात. ऊसतोड मजुराचं तर आणखी अवघड. आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते, खोकला पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, अंगावर काढला जातो.

आणि चूल. चीनच्या युन्नान प्रांतातल्या श्वानवेई भागात बायका क्वचितच सिगारेट ओढत, तरी फुप्फुसाच्या कर्करोगानं मरत, कारण धुराडं नसलेल्या घरात धुरकट दगडी कोळसा जळे. धुराडी बसवल्यावर तो धोका घटला. आपल्याकडे कोळसा नाही, पऱ्हाट्या आणि काड्या जळतात. लाकूडफाट्याच्या धुराचा पुरावा कोळशाइतका पक्का नसला तरी तो कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता शास्त्रज्ञांनी मांडली आहे. ऊसतोडीच्या कोपीत तीन दगडांवर भाकरी थापणाऱ्या बाईच्या छातीत तो धूर हंगामभर जातो. तिला ‘गावची शुद्ध हवा’ कोणत्या तोंडानं सांगायची?

याच बीड जिल्ह्यात कर्करोगाची भीती घालून पिशवी काढायला लावली, असं ऊसतोड बायकांनी सांगितलं. २०१९ च्या चौकशीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. जिथे खोट्या भीतीनं एवढं नुकसान झालं, तिथे खोटा दिलासा मी तरी देणार नाही.

म्हणून एवढं करा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा आणि छातीचा एक्स-रे काढा. टीबीच्या गोळ्या चालू असूनही उतार पडत नसेल, तर पुढची तपासणी मागून घ्या. अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे, बार्शीचं कर्करोग रुग्णालय शेजारी आहे. पट्टा पडायची वाट पाहू नका.