अद्भुताचे वाचक

विज्ञानकथा आणि अद्भुतरम्य कादंबऱ्या आवडीने वाचणारा वाचक मराठी साहित्यव्यवहारात फारसा विचारात घेतला जात नाही. परिसंवादांत त्याची आठवण क्वचितच काढली जाते, आणि घरातील वडीलधारी मंडळी तर त्याच्या हातातील जाडजूड पुस्तकाकडे पाहून ‘यातून मिळणार काय?’ असा प्रश्न हमखास विचारतात. असे असूनही हा वाचक टिकून आहे. तरुण पिढी वाचत नाही अशी तक्रार सर्वत्र ऐकू येत असताना पाचसहाशे पानांचा ग्रंथ स्वेच्छेने वाचणारा आणि संपल्यावर त्याचा पुढचा भाग शोधत फिरणारा तरुण बहुधा याच वर्गातील असतो. तो सध्या काय वाचतो, हे पाहणे म्हणूनच उद्‌बोधक ठरेल.

फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची ‘ड्यून’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरील चित्रपटाचे दोन भाग २०२१ आणि २०२४ साली आले आणि साठीला आलेले हे पुस्तक महाविद्यालयीन मुलांच्या हाती पुन्हा दिसू लागले. कथा घडते ती एका वाळवंटी ग्रहावर. तेथील रहिवासी अंगातील घामसुद्धा वाया जाऊ नये म्हणून विशिष्ट पोशाख घालतात, आणि मृतासाठी गाळलेले अश्रू तेथे पाण्याचे दान मानले जातात. हे सारे काल्पनिक आहे, हे कोणीही सांगू शकेल. परंतु एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांमधून पाणी न्यावे लागले होते, ही गोष्ट ज्याने पाहिली किंवा ऐकली आहे, त्या मराठी वाचकाला तो ग्रह दूरचा वाटत नाही. अशा साहित्यावर पलायनवादाचा आरोप करणाऱ्यांनी या एका अनुभवाचा विचार करावा. ज्या वास्तवाकडे सवयीमुळे पाहिले जात नाही, त्याला परक्या भूमीत नेऊन ठेवल्यावर ते दिसू लागते. लातूरची तहान ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, अशा एखाद्या लेखकाने मराठवाड्याचाच एक ग्रह रचला, तर तो किती समर्थ होईल! ही अपेक्षा वाचकाने बाळगली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.

चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांनी नेमके हेच केले आहे. त्यांच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद २०१४ साली आला आणि पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा हा पुरस्कार अनुवादित कृतीला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. परग्रहवासीयांशी होणाऱ्या संपर्काचा हा विषय तसा जुनाच आहे. पण या कथेच्या मुळाशी चीनमधील सांस्कृतिक क्रांती आहे. जमावासमोर एका भौतिकशास्त्रज्ञाचा झालेला वध त्याच्या मुलीने पाहिला आहे, आणि मानवजातीविषयीचा तिचा विश्वास तेथेच संपला आहे. पुढे ती जो निर्णय घेते, त्याची बीजे आकाशात नसून तिच्या देशाच्या इतिहासात आहेत. भारतातील वाचकांना ही कादंबरी भावली याचे कारण तिच्यातील गणित नव्हे. ते गणित अनेकांना पुरते कळतही नसावे.

अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे वाचक त्या मानाने अधिक आहेत, आणि त्यांच्यासाठी मराठीत बरेच काही उपलब्ध आहे. भोपाळच्या प्रकाशनसंस्थेने मराठीत आणलेली हॅरी पॉटरची पुस्तके आजही वाचली जातात. पहिल्या भागाचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे. मूळ नावातील लांबलचक शब्दप्रयोगाला ‘परीस’ हा तीन अक्षरी शब्द पुरतो, एवढेच नव्हे तर त्यामागे संतवाङ्मयापासून चालत आलेले अर्थाचे वलयही उभे राहते. अनुवादात मूळ सौंदर्य हरवते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी अशी उदाहरणे लक्षात घ्यावीत. टॉल्किनचा मुद्रिकांचा महाग्रंथही मराठीत आला आहे, आणि अमीश त्रिपाठी यांच्या शिवकथेवरील कादंबऱ्यांनाही मराठी वाचक लाभला आहे.

हे सारे परदेशी वाऱ्याचे फळ आहे, असा समज मात्र खरा नव्हे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची आहे, आणि नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने कित्येक पिढ्यांची झोप उडवली आहे. हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ची ख्याती सर्वश्रुत आहे. बंगालीत तर जगदीशचंद्र बोस यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने १८९६ साली केशतेलाच्या एका कारखानदाराने भरवलेल्या स्पर्धेसाठी कथा लिहिली. तीत वादळ शमते ते केसांच्या तेलाने!

योगायोग असा, की मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली तीही एका शास्त्रज्ञाने स्पर्धेला पाठवलेल्या कथेमुळे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव जयंत विष्णू नारळीकर यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतले होते. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, म्हणून त्यांनी हस्ताक्षरही पत्नीचे वापरले होते. विज्ञानकथेचे मोल तिच्या लेखकाच्या पदव्यांवरून ठरू नये, हा या कृतीतील आग्रह आजही महत्त्वाचा आहे. पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशी त्यांची पुस्तके आली. २०२१ साली नाशिकला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा असंख्य वाचकांनी आपल्या शालेय वयातील वाचनाची आठवण काढली.

शालेय वयातील, हा शब्द येथे अडतो. मराठीत विज्ञानकथेकडे दीर्घकाळ विज्ञानप्रसाराचे साधन म्हणून पाहिले गेले. तो हेतू स्तुत्य होता. परंतु त्यामुळे कथेच्या शेवटी एखादे तत्त्व समजले, की वाचकाचे समाधान झाले, असे मानण्याची प्रथा पडली. पात्रे अनेकदा व्याख्यान देणारी झाली. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथांत आणि अरुण साधू यांच्या ‘विप्लवा’मध्ये ही चौकट ओलांडण्याचे प्रयत्न आहेत. पण त्यांच्यापर्यंत वाचक पोहोचतोच असे नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी नारळीकर वाचलेला मुलगा पंधराव्या वर्षी थेट इंग्रजी पुस्तकाकडे वळतो. इंग्रजी वाचणे गैर नाही. मात्र यंत्रमानव, परग्रह, भविष्यातील नगरे यांविषयीचा विचार मनात पहिल्यांदा ज्या भाषेत उमटतो, त्याच भाषेत तो पुढे वाढतो. ‘कृष्णविवर’ हा शब्द मराठी घरांत रुळण्यात त्या कथेचा वाटा नक्कीच आहे. आज रोज नवे यंत्र आणि नवी संज्ञा येत असताना, त्यांना घरगुती नाव देणारी गोष्ट कोण लिहितो, ही बाब केवळ साहित्याची राहत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाची अडचण आणखी वेगळी आहे. इंदूर, बडोदा किंवा भिलाई येथील घरात मराठी बोलली जाते, पण जवळच्या दुकानात मराठी पुस्तक मिळेलच याची खात्री नसते. अशा वाचकाला जुने ग्रंथसंग्रहालय हाच आधार असतो. तेथे ‘वामन परत न आला’ची पिवळी पडलेली प्रत मिळाली, तर त्याने ती अवश्य न्यावी. विचार करणारे यंत्र माणसाच्या हाताबाहेर जाऊ लागले तर काय होईल, याची ती कथा आहे. तीन पावलांत त्रिभुवन व्यापणाऱ्या वामनाचे नाव लेखकाने त्या यंत्रमानवाला उगाच दिलेले नाही. ही कादंबरी लिहिली गेली तेव्हा असे यंत्र कोणाच्याही खिशात नव्हते.