चोखोबांच्या अस्थी आणि रस्त्याची मोजणी



मंगळवेढ्याचे गावकूस कोसळले आणि कामावर नेलेले मजूर त्याखाली गाडले गेले. त्यांत आपले चोखोबा होते. परंपरा हे साल शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ सांगते. पुढची कथा आपण कीर्तनातून अनेकदा ऐकली आहे. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातली एकेक अस्थी त्यांनी कानाशी लावली, जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून उचलली आणि पंढरीत महाद्वारी समाधी बांधली. आजही आपण नामदेव पायरीला हात लावतो आणि समोर चोखोबांपुढे वाकतो.

कथा ऐकताना डोळे भरून येतात, पण तिच्यातले एक शिक्षण आपण सोडून देतो. मंगळवेढ्याच्या कारभाऱ्यांच्या दृष्टीने तो राडारोडा होता. बाजूला सारायचा आणि भिंत पुन्हा उभी करायची, एवढेच काम शिल्लक होते. नामदेवरायांनी ढिगारा हलवण्याआधी तपासला. ते गेले नसते तर चोखोबा नव्या भिंतीच्या भरावात गेले असते.

आज सोलापूर जिल्ह्यात पुन्हा मोठे काम निघाले आहे. दिवेघाट ते मोहोळ हा सुमारे २२१ किलोमीटरचा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग आणि पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, यांची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसली. सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी बार्शी, अक्कलकोटकडून जाते. नागपूर ते गोवा हा मूळ आखणीत सुमारे ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग अनेक जिल्ह्यांतून न्यायचा आहे आणि त्यांत सोलापूरही आहे. रस्ते देवांच्या आणि संतांच्या नावाने होत आहेत. म्हणून वारकऱ्याने विचारलेच पाहिजे : ज्या जमिनीवरून हा रस्ता जाणार, तिच्यात काय आहे हे कोणी पाहिले का?

रस्त्याआधी मोजणी होते, हे खरे. संयुक्त मोजणीला अधिकारी शेतात येतात. विहीर मोजतात, बोअर मोजतात, पाइपलाइन, गोठा, आंबा, चिंच, सगळे तक्त्यात भरतात. कारण त्या प्रत्येकाचा मोबदला कोणाला तरी द्यायचा असतो. बांधावरचा वीरगळ मात्र त्या तक्त्यात येत नाही. त्याला मालक नाही, म्हणून मोबदला नाही. मोबदला नाही, म्हणून नोंद नाही. आणि नोंद नाही, म्हणून जेसीबीच्या दृष्टीने तो साधा धोंडा. पडकी बारव, सतीचा दगड, गधेगाळ, ओढ्याकाठचे मोडके देवालय यांची गत तीच.

कोणी म्हणेल, त्यासाठी कायदा आहे की! आहे. केंद्राचा १९५८ चा आहे, महाराष्ट्राचा १९६० चा आहे. २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट घातली. पण हे छत्र ज्याचे नाव यादीत आहे त्यालाच. गावोगावचे हजारो दगड कोणत्याच यादीत नाहीत. १८७८ चा एक जुना कायदा असाही आहे, की जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे. म्हणजे सापडल्यावर काय करायचे याचा नियम आपल्याकडे दीडशे वर्षांपासून आहे. खोदण्याआधी बघायचे, हा नियम रस्त्याच्या बाबतीत अजून अंगी लागलेला नाही.

यादीत नसलेल्या दगडाचे मोल काय असते, ते आपल्याच जिल्ह्याने दाखवले आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे हत्तरसंग-कुडल. तिथल्या संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो वाचला आणि प्रकाशात आणला. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये. तिच्या २७२ वर्षे आधी मराठीत कोरलेली अक्षरे एका तुळईवर शतकानुशतके पडून होती. माउलींनी ज्या भाषेला सिंहासनावर बसवले, तिच्या बाळपणाचा एवढा जुना पुरावा! त्या तुळईचे कोणी आधीच पुलाच्या पायात दगड घातले असते, तर आपल्याला काय गेले हेसुद्धा कळले नसते.

पंढरीच्या मंदिरातला चौऱ्याऐंशीचा लेख पाहा. शके ११९५ ते ११९९ या काळात देवालयाला दान देणाऱ्यांची ती यादी आहे. राजा रामदेवराव त्यात आहे, हेमाडपंत आहे आणि साधी माणसेही आहेत. माउलींचा जन्म शके ११९७ चा मानतात. म्हणजे ज्ञानोबा पाळण्यात होते तेव्हा ही अक्षरे कोरली जात होती. भाविकांनी चौऱ्याऐंशीच्या फेऱ्यातून सुटण्यासाठी त्याला पाठ घासली आणि अक्षरे झिजली, पण शिळा जागेवर राहिली. म्हणून आज आपल्याला देवळाचा इतिहास सांगता येतो. आणि मे २०२४ मध्ये मंदिराच्या जतनाचे काम चालू असताना हनुमान दरवाजाजवळ फरशीखाली तळघर लागले, आत मूर्ती मिळाल्या. त्या ओळखल्या गेल्या, कारण काम पुरातत्त्व विभागाच्या नजरेखाली होते. तीच फरशी नुसत्या ठेकेदाराने रात्रीच्या पाळीत उचलली असती तर?

आता आपल्याच माणसांच्या दोन शंका घेऊ.

पहिली शंका : “दगडासाठी रस्ता अडवायचा का? रस्ता झाला तर वारी सुखाची होईल, अपघात टळतील.” माउली, रस्ता अडवा असे कोणी म्हणत नाही. आखणी कागदावर असते तेव्हा रेघ वाकवायला पेन्सिल पुरते. जमीन घेऊन झाली, निविदा निघाली, यंत्रे उभी राहिली, की तीच रेघ वाकवायला कोटी लागतात आणि मग संरक्षण मागणारा माणूस विकासाचा वैरी ठरतो. रेघ वाकते, याचा दाखला शेजारीच आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गावर सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावी सुमारे ४०० वर्षांचा वड आडवा आला. २०२० मध्ये लोक उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलली. एका वडासाठी हे घडले, तर अडाणी दिसणाऱ्या वीरगळासाठी का घडू नये?

याच देशाने हे मोठ्या प्रमाणावर करूनही दाखवले आहे. कृष्णेवर नागार्जुनसागर धरण व्हायचे होते तेव्हा बुडणाऱ्या नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात १९५४ पासून सहा वर्षे उत्खनन चालले, आणि वास्तू उचलून टेकडीवर नेल्या. धरणही झाले, ठेवाही राहिला. उलट आपल्या उजनीत पळसदेवचे जुने देवालय पाण्याखाली गेले. दुष्काळात पाणी आटले की त्याचा कळस वर येतो आणि आपण फोटो काढायला जातो. फ्रान्समध्ये तर २००१ पासून कायदाच आहे, की ज्याच्या बांधकामाने जमीन उकरली जाणार त्यानेच आधीच्या तपासणीचा खर्च उचलायचा. हजारो कोटींच्या रस्त्याला हा खर्च जड आहे, असे सांगणाऱ्याने आकडा मांडून सांगावे.

दुसरी शंका अधिक खोल आहे, कारण ती संतांच्या नावाने येते : “देव भावाचा भुकेला. संतांनीच सांगितले की दगडात देव नाही. मग दगडाचा मोह कशाला?” संतांनी फटकारले ते दगडाला शेंदूर फासून पोट भरणाऱ्याला. पण आपल्या संप्रदायात दगडाविटेला हीन कोणी म्हटले? आपला देव विटेवर उभा. आपले नामदेवराय पायरी होऊन बसले. ज्या संप्रदायाने पायरीला कळसाइतका मान दिला, त्याने पायदळी पडलेल्या दगडाला कचरा म्हणावे?

आणि हे दगड कोणाचे आहेत ते बघा. राजांचे किल्ले संरक्षित आहेत, ते योग्यच आहे. वीरगळ मात्र गावची गुरे सोडवताना पडलेल्या माणसाचा. बहुतेकांवर नावसुद्धा नाही. त्याच्या पोटी ताम्रपट नाही, बखर नाही. तो दगड हेच त्याचे चरित्र. तो भरावात गेला की तो माणूस दुसऱ्यांदा मेला. चोखोबांच्या बरोबर त्या कुसाखाली जे इतर गाडले गेले, त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. त्यांच्या जातीच्या लोकांची खूण जमिनीत जिथे उरली असेल, तिथे तरी थांबून पाहायला नको?

तपासणी म्हणजे काही अवघड विद्या नाही. आधी जुने गावनकाशे आणि गॅझेटियर चाळायचे. मग पीक निघाल्यावर मोकळ्या रानातून चालायचे. शेतकऱ्याला काळी आणि पांढरी कळते. जिथे जुने गाव नांदले तिथली माती राखेने पांढरट होते, खापरे वर येतात, विटांचे तुकडे लागतात. तेरसारखी प्राचीन नगरी अशाच टेकाडांतून बोलू लागली. रस्त्याच्या भरावाला मऊ माती हवी असते, तेव्हा पहिला घाला या पांढरीवरच पडतो. म्हणून रस्त्याची पट्टीच नव्हे, भरावाची माती जिथून उचलणार ती जागाही तपासायला हवी. संशय आला तिथे लहानसा चाचणी खड्डा घ्यायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचे, छायाचित्र काढून जागा टिपायची.

हे काम पायी होते, वाचकहो! ड्रोनला बांध दिसतो, बांधावरची अक्षरे दिसत नाहीत. आणि पायी चालणे हा आपला धर्म आहे. धर्मपुरीपासून वाखरीपर्यंतचा एकेक विसावा दिंड्यांना पाठ आहे. वेळापूरचे यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचे देवालय, धाव्याची जागा, टप्प्यावरची बंधुभेट, बाजीरावाच्या विहिरीचे रिंगण, यांना बोलायला हजार तोंडे आहेत, कारण ती वारीत आहेत. ज्या बारवेला रिंगणाचे नाव मिळाले नाही, तिच्या वतीने कोण बोलणार?

म्हणून मागणी साधी आहे. आखणी पक्की होण्याआधी पुरातत्त्व जाणणाऱ्यांकडून पायी तपासणी व्हावी. संयुक्त मोजणीच्या तक्त्यात जुन्या दगडांचा आणि बारवांचा एक रकाना असावा. ती यादी मराठीत ग्रामसभेत वाचली जावी. खोदाई चालू असताना जाणकार माणूस जागेवर असावा. आणि आपणही एक करू या : गावच्या वीरगळावर ऑइलपेंट फासणे आणि नवे मंदिर बांधताना जुन्या शिळा ओढ्यात टाकणे थांबवू या. जो स्वतः जपत नाही, त्याचे सरकार ऐकत नाही.

या वर्षी वारीला निघण्याआधी आपल्या शिवेतला एकेक जुना दगड पाहून या. कुठे आहे, कसा आहे, लोक त्याला काय म्हणतात, एवढे वहीत लिहा आणि ती वही ग्रामपंचायतीत द्या, पोच घ्या. उद्या मोजणीवाले आले तर ती वही पुढे ठेवा. नामदेवरायांनी अस्थी कानाला लावली होती. आपल्याला दगडापाशी थांबून नीट पाहायचे आहे, आणि तेही जेसीबी येण्याआधी.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!