मधला टेकू

तुळई लांब असली कीं मध्यें आणखी एक टेकू द्यावा, म्हणजे निश्चिंती झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. आमच्या मतें ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेलें अर्ध विद्यार्थ्यांस शाळेंतच कळलें पाहिजे.

समजा, सर्वत्र सारख्या जाडीची एक अखंड तुळई समान अंतरावरील तीन टेकूंवर ठेविली असून तिजवर १६ मण भार सारखा पसरला आहे. मधल्या टेकूवर किती येईल? कोणी तिसरा हिस्सा म्हणेल, कोणी निम्मा. वास्तविक, तिन्ही टेकू अढळ असतील तर मधला १० मण उचलतो व कडेचे प्रत्येकीं ३ मण. दोन्ही गाळ्यांत तुळई खालीं वांकते, पण अखंड असल्यामुळें मधल्या टेकूवर तिची पाठ उचलली जाते आणि तेथें ताण वरच्या अंगास बसतो. म्हणून काँक्रीटच्या तुळईंत सळया केवळ तळाशीं घालून भागत नाहीं. मधल्या खांबावर त्या माथ्याजवळही हव्यात, नाहीं तर तेथें वरून भेग पडते.

वेल्समधील ब्रिटानिया पूल १८५० सालीं खुला झाला. त्याच्या लोखंडी नळ्या मनोऱ्यांवर एकमेकींस जोडतांना रॉबर्ट स्टीफन्सन ह्यांनीं दूरचें टोंक मुद्दाम उचलून धरविलें व जोड पक्का झाल्यावर खालीं उतरविलें. हेतु हा कीं, वांकविणाऱ्या जोराचा वांटा मनोऱ्यावरील जोडानेंही घ्यावा. पुढें १८५७ सालीं फ्रान्सच्या क्लॅपेरॉन ह्यांनीं लागोपाठच्या तीन टेकूंवरील ह्या जोरांचा संबंध सांगणारें सूत्र प्रसिद्ध केलें.

परंतु ह्याच अखंडपणांत धोकाही आहे. मधल्या टेकूखालील माती खचली तर भार कडांकडे सरकतो. टेकू पुरता सुटला तर कडेच्या टेकूंवर ८-८ मण येतात. तुळईच्या मध्यावरील वांकविणारा जोर उलट दिशेचा होऊन चौपट वाढतो, आणि माथ्याजवळील सळया तेथें तो ताण घेऊं शकत नाहींत. दोन सुट्या तुळया असत्या तर किंचित् खचण्यानें त्या नुसत्या कलल्या असत्या.

खडकावर व वाळूवर घर बांधणाऱ्यांचा दृष्टांत आमचे विद्यार्थी बाळपणापासून ऐकत आले आहेत. त्यांनीं सूत्र पाठ करण्यापूर्वीं बांबूची एक कांब तीन विटांवर ठेवावी, तिजवर वजनें मांडावीं व मधली वीट हळूच काढून पाहावी. पदार्थविज्ञानाच्या तासाचीं दहा मिनिटें ह्या कामीं खर्च होणें आम्हांस मुळींच व्यर्थ वाटत नाहीं.