रेडिओवर तीच ती गाणी का लागतात? डिजिटल रेडिओ आल्यावर सुटका होईल?

समजा तुम्ही निमोण्याहून रोज रांजणगाव एमआयडीसीत कामाला जाता. गाडीत ड्रायव्हरने पुण्याचं एफएम लावलंय, खरखर करत का होईना, ते चालू आहे. सोमवारी नव्वदच्या दशकातली जी चार गाणी ऐकली, तीच बुधवारी पुन्हा. आरजेकडे दुसरी गाणीच नाहीत का? आहेत की, हजारो आहेत. पण बहुतेक व्यावसायिक स्टेशनांवर गाणं आरजे निवडतच नाही, सॉफ्टवेअर निवडतं.

या कामासाठी आरसीएस नावाच्या अमेरिकन कंपनीने १९७९ च्या सुमारास 'सिलेक्टर' आणलं. आज अशी अनेक सॉफ्टवेअर आहेत. तत्त्व सोपं आहे. गाण्यांचे गट पाडायचे आणि नियम लावायचे: एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ नकोत, संथ गाण्यामागे संथ नको, काल सकाळी आठला वाजलेलं आज आठला नको. आता हिशोब करा. हिट गटात आठच गाणी आहेत आणि त्यातली तासाला तीन वाजवायची ठरली, तर प्रत्येक गाणं दोन तास चाळीस मिनिटांनी परत येणार. नियम कितीही हुशार असले तरी डबाच लहान असेल तर काय करणार?

डबा लहान ठेवतात तो मुद्दाम. स्टेशनला भीती असते तुमच्या बोटाची. अनोळखी गाणं लागलं की बोट पुढच्या चॅनेलवर जातं, आणि ऐकणारा गेला की जाहिरातीचा भावही जातो. म्हणून श्रोत्यांना गाण्याचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवून चाचणी घेतात आणि ज्याला कुणीच नाक मुरडत नाही ते ठेवतात. थोडक्यात, सगळ्यात आवडतं गाणं टिकत नाही, सगळ्यात कमी नावडतं टिकतं. मला यातलं हेच जास्त खटकतं.

हा रोग आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत 'क्लासिक रॉक' हा रेडिओचा मोठा प्रकार आहे. २०१४ मध्ये 'फाइव्हथर्टीएट' या साइटने अशा २५ स्टेशनांवर आठवडाभर नजर ठेवली. गाणी वाजली ३७,६६५ वेळा, पण वेगवेगळी गाणी फक्त २,२३०. तेही पंचवीस स्टेशनं मिळून! दोन-तीन दशकांचं संगीत आणि लेड झेपेलिन, एरोस्मिथ अशी तीच ती नावं फिरतात. आपल्याकडच्या 'रेट्रो' कार्यक्रमांचा साचा याहून फार वेगळा नाही.

भारतात एक गाठ जास्तीची आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, बस. म्हणजे कांद्याचा भाव पडला किंवा घोडला पाणी सोडलं, तरी खासगी स्टेशन त्यावर बातमी करू शकत नाही. मग उरतात गाणी. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायने तासाला दहा मिनिटं बातम्यांना मुभा द्यावी, अशी शिफारस केली होती.

आता नवी गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रायने खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी दिल्या. सुरुवात १३ मोठ्या शहरांतून, त्यात मुंबई, पुणे आणि नागपूर आहेत. एकाच फ्रिक्वेन्सीवर नेहमीचं एक अॅनालॉग चॅनेल, तीन डिजिटल चॅनेल आणि एक डेटा चॅनेल बसवता येईल, अशी ही योजना. म्हणजे जिथे एक स्टेशन होतं तिथे चार. चौथ्या चॅनेलसाठी नवी फ्रिक्वेन्सी विकत घ्यायला नको, त्यामुळे तिथे लावणी, शाहिरी किंवा नुसतं रॉक चालवून बघण्याची जोखीम कमी होते. होते म्हणजे लगेच कुणी घेईलच असं नाही. मालक तोच, जाहिरातदार तेच, सॉफ्टवेअरही तेच. तीन नव्या चॅनेलांवर तीन प्रकारचे रेट्रो लागले तर मला नवल वाटणार नाही.

आणि निमोण्याला काय? एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, टेकड्या आणि अंतर दोन्ही त्यांना आडवं येतं. अॅनालॉग सिग्नल लांब गेला की खरखरतो, पण ऐकू येतो. डिजिटल तसं करत नाही. एका मर्यादेपर्यंत स्वच्छ, त्यापुढे एकदम गप्प. म्हणजे शहराच्या काठावरच्या गावांना आज जे अर्धवट मिळतंय तेही डिजिटलमध्ये मिळेलच असं नाही. शिवाय डिजिटल रेडिओ पकडणारी चिप लागते आणि ती आपल्या साध्या फोनमध्ये नसते. साध्या एफएमचंच बघा ना. फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करू नका, असं केंद्राच्या आयटी मंत्रालयाला एप्रिल २०२३ मध्ये कंपन्यांना कळवावं लागलं.

तुमच्या फोनमध्ये एफएम अॅप असेल तर वायरवाला इअरफोन लावून बघा, ती वायरच अँटेना असते. ब्लूटूथवाल्याने हे काम होत नाही. मग आकाशवाणीचं अहिल्यानगर केंद्र पकडून बघा. तिथे अजून लोकगीतं आणि शेतीचे कार्यक्रम लागतात.